थर्मामीटर बरोबर होता

आमच्या शेडमध्ये थर्मामीटर होता, पण तो कंपनीच्या सुपरवायझरसाठी. सुपरवायझर मोटारसायकलवरून यायचा, आधी थर्मामीटर बघायचा, मग पिल्लं, मग मला. मी स्वतः ऊब हातानं बघायचे. बाही वर सारायची, बल्बखाली गुडघे टेकायचे आणि उघडा हात जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसाच्या चार बोटं वर, पिल्लांच्या उंचीवर धरायचा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या कातडीला बरोबर कळतं. तिथं चटका वाटला की बल्ब वर घ्यायचा, काहीच वाटलं नाही तर खाली. तिथं बरं वाटलं की पिल्लांनाही बरं.

मुरबाडहून धसईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. शेड घराच्या मागे, भाताच्या खाचरांना लागून. कंपनी अंड्यातून नुकतीच निघालेली कोंबडीची पिल्लं आणि खाद्य द्यायची, आम्ही वाढवायची, मोठी झाली की कंपनीची गाडी येऊन न्यायची. ही पद्धत तेव्हा आमच्याकडे नवीन होती. माझे यजमान शहापूरला कचेरीत, त्यामुळे शेड माझी. मोठ्या जाऊबाई मदतीला. माझ्या हाताचं नाव इतकं झालं होतं की किन्हवलीकडच्या एका नातेवाइकांनी शेड घातली तेव्हा पहिल्या बॅचला मला एसटीनं नेलं, हात धरायला लावला आणि जेवण घालून परत पाठवलं.

पिल्लांचं पहिल्या दोन आठवड्यांत सगळं उबेवर असतं. त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. गारठली की ती कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. हे पोल्ट्रीवाल्याला शिकवावं लागत नाही, एकदा बघितलं की पुरतं.

मी अठ्ठेचाळिशीत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या थंडीतल्या बॅचला मला शेडमध्ये पाय टाकला की उकडायला लागलं. साधं उकडणं नाही. छातीतून वाफ निघायची, मान आणि कान पेटायचे, पोलक्याची पाठ भिजून जायची.

"वैनी, पडदे वर घ्या. पिल्लं भाजतील."

"अगो, मी घोंगडी पांघरून हाय!" जाऊबाई म्हणाल्या. "मला तं हुडहुडी भरलीय."

"तुमच्या अंगात रक्त नाय राहिलं."

"आन तुझ्या अंगात काय, वीटभट्टी लागली?"

पण शेड माझी होती, हात माझा होता. जाळीवरचे गोणपाटाचे पडदे वर गेले, गार वारा आत आला. मी खाद्याच्या पोत्यांकडे गेले आणि परत आले तोवर घाम वाळून मीच कुडकुडत होते. मग पडदे खाली, बल्बही खाली. थोड्या वेळानं परत भडका, परत पडदे वर. पिल्लांनी कोपऱ्यात ढीग केला. आम्ही दोघी हातांनी ढीग मोडत होतो आणि ती पुन्हा चढत होती. त्या आठवड्यात टोपलीनं मेलेली पिल्लं बाहेर काढली.

सुपरवायझर आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. थर्मामीटरसमोर उभा राहिला.

"ताई, पिल्लं गारठलीत. हा बघा ना काय सांगतोय."

"तो बिघडलाय."

"बरं, दुसरा आणा."

मी दुसऱ्या दिवशी मुरबाडहून दुसरा आणला आणि पहिल्याच्या शेजारी टांगला. नव्यानंही तेच सांगितलं. मी म्हटलं, एकाच कारखान्यातले असणार.

बॅच संपली, गाडी जे होतं ते घेऊन गेली आणि सुपरवायझर ओटीवर चहाला बसला. "ताई, उन्हाळ्यात, पावसाळ्यात कोणीही पिल्लं जगवेल," तो म्हणाला. "मी तुम्हाला पिल्लं देत राहतो. पण पुढच्या थंडीच्या बॅचला अशी मर लागली तर साहेब शेड बंद करा म्हणणार. मला त्यांना तोंड द्यायचंय."

म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत होती. तो गेला आणि मी तुसाची साफसफाई करायला रिकाम्या शेडमध्ये गेले. दोन्ही थर्मामीटर समोर होते. आणि तेवढ्यात आलीच. छाती, मान, कान. मी फावडं हातात धरून थर्मामीटरकडे बघत राहिले. दोन्हीतला पारा तसूभर हलला नाही. बल्ब बंद होते, पडदे उघडे होते, जाऊबाई दारात घोंगडीत होत्या, आणि घाम फक्त मला.

मला एकदम हसू फुटलं. शेड बिघडली नव्हती, पारा बिघडला नव्हता. बिघडले होते ती मी. आणि जे बिघडलंय ते दुरुस्त करता येतं, अशीच माझी समजूत होती.

"वैनी, हे तुम्हाला झालं होतं?"

"पाळी जाते तवा व्हतंच. माझं दोन-तीन वर्सं चाललं. विहिरीवर जाऊन डोक्यावर कळशी ओतून घ्यायची."

"मग इतके दिवस बोलला का नाय?"

"तू इचारलंस कवा? तू तं पडदे वर घ्या, पडदे खाली घ्या. मी म्हटलं, मालकीण हाय, घेऊ देत."

दोन-तीन वर्षं माझ्याकडे नव्हती. कोणी म्हणेल, मग थर्मामीटर बघायचा की. बघायला लागलेच मी. पण थर्मामीटर एका खांबाला टांगलेला असतो आणि शेड असते लांबलचक. दाराशी वेगळं, मध्ये वेगळं, वारा लागतो त्या कोपऱ्यात वेगळं. त्यात वीज जायची, मग कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या, आणि शेगडीपाशी हाताशिवाय गती नाही. शिवाय नुसतं उकाड्याचं नव्हतं. घामानं झोप मोडायची, दिवसभर डोकं जड, खाद्य घातलं की नाही ते आठवायचं नाही. शेगडी पेटती ठेवून विसरणाऱ्या बाईच्या हाती मी स्वतःच पिल्लं दिली नसती.

धसईच्या बाजारात दोन-चार ओळखीच्या बायकांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: पिशवी काढून टाक. आमच्याकडे बायकांच्या कुठल्याही दुखण्यावर हेच सांगतात, जसं काही ती खुंटीवरची पिशवी आहे. मुरबाडच्या डॉक्टरांनी लाल टॉनिक आणि झोपेची गोळी दिली. गोळीनं मी भरदुपारी खाद्याच्या पोत्यांवर झोपले, घाम येतच राहिला. पण माणूस सरळ होता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "यातलं मला जास्त कळत नाही. कल्याणला बायकांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा."

जीपमध्ये मागच्या बाकावर बसून कल्याणला गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. मी सगळं सांगितलं, पडद्यांसकट. त्या लिहायच्या थांबल्या.

"म्हणजे तुम्ही थर्मामीटरवर विश्वास ठेवला नाहीत?"

"माझा हात कधी चुकला नव्हता."

"हात आताही चुकत नाहीये," त्या म्हणाल्या. "मेंदूत एक जागा असते, ती अंग किती गरम ठेवायचं ते ठरवते. अंडाशयातून येणारं एक हार्मोन कमी झालं की ती जागा बावचळते. जरा ऊब वाढली तरी आग लागल्यासारखी घाम सोडते. तुमच्या आतल्या थर्मामीटरचं काम बिघडलंय."

मला ते इतकं पटलं की मी खुर्चीत पुढे सरकले. "मग ते हार्मोन बाहेरून घालता येतं?"

"येतं. पण सगळ्यांना देत नाही. आधी तपासते."

रक्तदाब, छाती, सोनोग्राफी, रक्त. आईला, बहिणीला छातीचा कर्करोग? नाही. पायात कधी रक्ताची गाठ? नाही. पिशवी आहे? आहे, पण काढा म्हणतात.

"चांगली पिशवी कशाला काढायची? आणि त्याबरोबर अंडाशयं काढली तर हेच दुखणं दुप्पट जोरानं येईल. पिशवी आहे म्हणून तुम्हाला दोन औषधं लागतील. एक उकाड्यासाठी, दुसरं पिशवीच्या अस्तरासाठी, दर महिन्याला ठरावीक दिवस. दुसरं विसरलात तर अस्तर वाढत जाईल आणि ते धोक्याचं. कमीत कमी डोस, जरूर आहे तोवरच, आणि दरवर्षी तपासणी. कबूल?"

कबूल. घरी येताना मला वाटलं, जीपवाल्यालाही सांगावं.

होळीच्या सुमारास गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांत भडके निम्म्यावर आले. मग एका पहाटे कोंबडा आरवला आणि माझ्या लक्षात आलं की रात्री मी उठलेच नव्हते. माझ्या रात्रीच्या उठबशीला कंटाळून यजमान स्वयंपाकघरात झोपायचे. मी तशीच जाऊन त्यांना उठवलं, "मी झोपले होते!" ते म्हणाले, "मीपण झोपलो होतो. आता जाऊ दे ना."

पण गोळीबरोबर मळमळ आली. छाती दुखायची, डोकं ठणकायचं, खाद्याच्या वासानं पोटात ढवळायचं, आणि पोल्ट्रीत दुसरा वास नसतो. परत कल्याण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोस कमी करू, आणि मळमळीला वेगळी गोळी देते.

"बाई, एका वेळी एकच बदलू या."

"का हो?"

"शेडमध्ये मर लागली आणि आम्ही खाद्यही बदललं, पाण्यात औषधही घातलं, तर कशानं थांबली ते कळत नाही. पुढच्या वेळी परत आंधळ्यासारखं दोन्ही करावं लागतं."

त्या हसल्या. "माझे शिक्षकही हेच सांगायचे. चला, आधी डोस."

डोस कमी केला. मळमळ थोडी कमी झाली, भडके थोडे परत आले, डोकेदुखी जागच्या जागी. महिनाभरानं त्यांनी सांगितलं की काही बायकांच्या पोटाला गोळी मानवत नाही, तेच औषध कातडीतून दिलं तर चालतं. आणि एक पट्टी दिली, पारदर्शक, ओटीपोटाच्या बाजूला चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची.

यजमानांनी पट्टीच्या खोक्यातला कागद शहापूरच्या एसटीत वाचून काढला होता. संध्याकाळी चेहरा पाडून आले.

"अगं, यात लिहिलंय रक्ताची गाठ होऊ शकते."

"डोकेदुखीच्या गोळीचा कागद वाचलायत कधी? बाईंनी सगळं विचारून दिलंय. पाय सुजला, छातीत दुखलं तर लगेच या म्हणाल्यात. सुजला तर जाऊ."

पट्टीनं कमाल केली. मळमळ नाही, डोकेदुखी नाही, भडके उतरणीला. पण तोवर पावसाळा ऐन भरात आला होता. शेडमध्ये हवा अशी की भिंतींनाही घाम, त्यात माझी कामाची गडबड आणि निऱ्यांचं घासणं. पट्टीच्या कडा सुटायच्या, मी दाबून बसवायचे. एक दिवस जाऊबाई पिल्लांत उभ्या राहून ओरडल्या.

"अगो, ह्याला तिकीट कुनी चिकटवलं?"

एक पिल्लू पाठीवर माझी पट्टी घेऊन ऐटीत फिरत होतं आणि बाकीची त्याच्यामागे. मी ते पकडलं, पट्टी सोडवली, पुडीत बांधून लांब नेऊन पुरली आणि साबणानं हात धुतले. जाऊबाई तुसात बसून हसत होत्या. "आता त्याचा उकाडा जाईल बग!"

मी मात्र त्या दिवशी भलतीच खूश होते. औषध कोणतं लागू पडतं ते आता पक्कं कळलं होतं. कातडीतून दिलं की त्रास नाही. अडचण होती ती फक्त चिकटण्याची. मी तडक मुरबाडला गेले आणि एसटीडी बूथवरून कल्याणला फोन लावला. लाइन खरखरत होती.

"बाई, औषध लागू आहे! नुसता गोंद फेल आहे!"

"काय फेल?"

"गोंद! पट्टीचा गोंद! पिल्लाला चिकटली!"

बूथमध्ये रांग होती. मी बाहेर आले तर पहिल्या माणसानं आदरानं विचारलं, "मावशी, गोंदाचा कारखाना हाय का?"

"पोल्ट्री आहे," मी म्हटलं.

गणपती आटोपल्यावर कल्याणला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक ट्यूब टेबलावर ठेवली. मेडिकलवाल्याला सांगून मागवली होती. त्यात जेल होतं, पाण्यासारखं स्वच्छ. रोज आंघोळीनंतर ठरलेलं माप दंडावर, हातावर पसरायचं, वाळू द्यायचं.

"हातावर नाही चालणार, बाई. हातानं मी ऊब बघते. हात उघडा टाकून पिल्लांत बसते."

त्यांनी चिठ्ठीवरचं 'हातावर' खोडलं. "बरोबर. मग मांडीच्या आतल्या बाजूला. पूर्ण वाळल्याशिवाय साडी नाही, हात साबणानं धुतल्याशिवाय पिल्लं नाहीत, नातवंडंसुद्धा नाहीत. दुसरं औषध चालू ठेवा. आणि महिन्यानं मला सांगा."

तसं सुरू झालं. आंघोळ, जेल, वाळेपर्यंत मोरीच्या दाराला कडी लावून उभी राहायची. जाऊबाई बाहेरून विचारायच्या, "वाळलीस का गो?" जणू मी पापडच. नवरात्रात भडके दिवसाला एखादा, तोही नुसती मानेवरून झुळूक गेल्यासारखा. दिवाळीच्या फराळापर्यंत तोही नाही. झोप लागायची, डोकं हलकं होतं, खाद्य किती घातलं ते आठवायचं.

पुढे काही वर्षांनी वर्तमानपत्रांत या औषधांबद्दल घाबरवणाऱ्या बातम्या आल्या. यजमानांनी कात्रण आणलं, मी ते घेऊन कल्याणला गेले. बाईंनी परत तपासलं, माझ्या बाबतीत काय लागू आहे आणि काय नाही ते समजावलं, मग आम्ही डोस हळूहळू उतरवत बंद केला. तोवर गरजही संपत आली होती. पण ते नंतरचं. त्या दिवाळीत मला फक्त थंडीची बॅच दिसत होती.

पिल्लांचे खोके आले तेव्हा गवतावर दव होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही पत्र्याची गोल रिंगणं लावून ठेवली होती, तूस पसरलं होतं, बल्ब पेटवले होते. अर्धे खोके उघडून होत नाहीत तोच वीज गेली. सगळी शेड राखाडी झाली आणि रिंगणारिंगणांतून चिवचिवाट चढला. गारठ्याची पहिली हाक असते ती.

"शेगड्या!" मी म्हटलं. जाऊबाईंनी आधीच विस्तवावर कोळसे धरले होते.

शेगड्या रिंगणांत ठेवल्या, वर पत्र्याचं छत्र. मग मी बाही वर सारली आणि गुडघे टेकले. गेल्या थंडीनंतर थंडीच्या पिल्लांत पहिल्यांदाच हात धरत होते. हाताच्या आतल्या बाजूला ऊब लागली, शेगडीची, माझी नव्हे. छाती थंड, मान थंड, कान थंड. फक्त हात सांगत होता.

जाऊबाई थर्मामीटर खांबावरून काढून घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हाताशेजारी तुसाच्या वर टेकवला आणि पदराआड झाकला.

"आता सांग. मागल्या साली फार शहाणपना केलास."

"थोडं कमी आहे. नव्वदच्या वर, पंचाण्णवला पोचलेलं नाय. शेगडी इकडं सरकवा."

त्यांनी पारा स्थिर होऊ दिला, पदर काढला, डोळे बारीक केले, उजेडाकडे धरून बघितलं.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. मग पुन्हा बघितलं. "ब्याण्णवच हाय गो!"

"सरकवा शेगडी!"

आम्ही शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असंच गेलो. मी हात धरायचे, आकडा बोलायचे, त्या पारा वाचायच्या आणि दर वेळी जरा मोठ्यानं ओरडायच्या. वाऱ्याच्या कोपऱ्यात मी म्हटलं, फारच कमी, आणि होतंच कमी. तिथं जास्तीचं गोणपाट लावलं. शेवटच्या रिंगणापाशी पोचलो तेव्हा आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या पळत होतो. मागे वळून बघितलं तर पहिल्या रिंगणातली पिल्लं पसरली होती. कोणी खात होतं, कोणी पाणी पीत होतं, कोणी पाय ताणून तुसात झोपलं होतं. चिवचिव खाली येऊन नुसती कुजबुज राहिली होती. पोल्ट्रीवाल्याला याच्याहून गोड आवाज ठाऊक नसतो.

वीज दुपारी आली. त्या आठवड्यात ती कितीदा गेली कोण जाणे. टोपली मात्र दाराशी जवळजवळ रिकामीच राहिली.

सुपरवायझर आला तो सकाळच्या गारठ्यात मोटारसायकल हाणत, जाड जाकीट, कानाला मफलर. शेडमध्ये शिरला. सवयीनं आधी थर्मामीटर बघायला गेला, तर खांबाला एकच होता. दुसरा जाऊबाईंच्या हातात होता. त्यानं पिल्लं बघितली, सगळीकडे पसरलेली, एकही ढीग नाही. वाकून तूस चाचपलं. शेगड्यांच्या मधून या टोकाला त्या टोकाला फिरला. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता.

"ताई, उकडतंय हो इथं," तो म्हणाला आणि पडद्याच्या दोरीला हात घातला.

"पडदा राहू दे," मी म्हटलं. "जाकीट काढा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जाऊबाईंच्या हातातल्या थर्मामीटरकडे. जाऊबाईंनी तो त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचला. मफलर सोडला, जाकीट काढून खांद्यावर टाकलं.

"पुढची पिल्लं कधी टाकू?" त्यानं विचारलं.

"शेड धुऊन वाळली की," मी म्हटलं आणि बाही खाली ओढली.